वर्दी कोणाची, सही कोणाची?

ठाकूरद्वार नाक्यावरून आत वळलं की आमची चाळ. तीन मजले, लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशी विजेच्या मीटरांची रांग आणि तिच्यावर वायरींचा गुंता. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यातल्या एका मीटरातून चर्र आवाज आला आणि धूर निघायला लागला. कोणीतरी मेन स्विच पाडला, बेस्टची गाडी आली, तासाभरात सगळं निभावलं. संध्याकाळी गॅलरीत नेहमीप्रमाणे पंचनामा बसला. तळमजल्यावरच्या काकूंनी मला धरलं. "तू पुस्तकं लिहितोस ना? मग सांग. मी १०१ लावायचा की ११२? बंब सरकारचा की म्युनिसिपालटीचा? आणि उद्या जिनाच पडला तर कोणाच्या दारात जायचं?"

काकूंचे प्रश्न तीन, पण मुळात ते एकच आहेत. संकटाच्या वेळी कोणी धावायचं हे ठरवतं कोण?

१. बंब कोणाचा?

मुंबईचा बंब महापालिकेचा. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात महापालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत. ६१ व्या कलमात बंधनकारक कामं, ६३ व्या कलमात ऐच्छिक. घरखर्चात भाडं, दूध आणि मुलांची फी चुकवता येत नाही. मे महिन्यात कोकणात जाणं हौसेचं. (गिरगावकराला हे उदाहरण पटणार नाही. त्याच्या हिशेबात मे महिन्यातलं कोकणही बंधनकारकच असतं.) आगीचा बंब ठेवणं आणि आगीपासून जीव व मालमत्ता वाचवणं हे पहिल्या यादीत, म्हणजे भाड्याच्या आणि दुधाच्या रांगेत आहे. पैसे नाहीत म्हणून महापालिकेला ते टाळता येत नाही.

दल या कायद्याहून वर्षभराने जुनं. १ एप्रिल १८८७ ही त्याची स्थापनेची तारीख मानतात. त्याआधी आग विझवणं पोलिसांच्या अखत्यारीत होतं. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांकडे सोपवायच्या अठरा विषयांची यादी राज्यघटनेत घातली, तिच्यातही अग्निशमन सेवा आहे. तेव्हा काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: म्युनिसिपालटीचा.

पण त्या दुपारी आमच्या जिन्यापाशी किती कार्यालयं गोळा झाली असती ते मोजून पाहा. १०१ लावला की अग्निशमन दलाकडे वर्दी जाते. दलाच्या बोलीत कॉल म्हणजे वर्दी. आग वाढली की वर्दीचा क्रमांक वाढतो आणि आणखी बंब निघतात. वीज तोडायची ती बेस्टने. ती तुटल्याची खात्री होईपर्यंत फायरमनला मीटरांवर बिनधास्त पाणी मारता येत नाही. गर्दी आवरायची पोलिसांनी, आणि पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. कोणी भाजलं तर १०८ ची रुग्णवाहिका; ही सेवा राज्याच्या आरोग्य खात्याने २०१४ पासून कंत्राटदारामार्फत चालवायला घेतली, ९३७ गाड्यांनिशी. पाइपचा गॅस बंद करायचा महानगर गॅसने. जिना पडला तर राडारोडा उचलायला वॉर्ड ऑफिस, आणि त्यातही गंमत म्हणजे गिरगाव सी आणि डी अशा दोन वॉर्डांत वाटलेलं. एकाचं कार्यालय चंदनवाडीला, दुसऱ्याचं नाना चौकात.

एक मीटर जळाला तर सहा-सात दारं. ११२ हा क्रमांक यासाठीच आला: पोलीस, आग, रुग्णवाहिका, काहीही हवं असलं तरी एकच आकडा लक्षात ठेवायचा. फोन एका ठिकाणी घेतला जातो, पण दारं तेवढीच राहतात. महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा १९१६ वेगळाच. काकूंना मी सांगितलं, आग दिसली तर १०१, बाकी काहीही सुचेनासं झालं तर ११२.

अमेरिकेत हे वेगळ्या तऱ्हेने बसवलेलं असतं. तिथे जिल्ह्यासारखा एक घटक असतो, काउंटी. बऱ्याच ठिकाणी तिचं निवडून आलेलं मंडळ बसून अग्निशमनाचे नियम ठरवतं, खाती जोडतं, तोडतं. कित्येक ठिकाणी बंब आणि रुग्णवाहिका एकाच खात्यात असतात आणि हृदयविकाराच्या फोनलाही आधी बंबच पोचतो. आपल्याकडे एवढी जोडाजोड एका टेबलावर होऊच शकत नाही, कारण टेबलं वेगवेगळ्या इमारतींत आहेत.

२. नियम शिजतो कुठे?

गणपती मंडळ डोळ्यासमोर आणा. 'आज आरती साडेआठला' हे अध्यक्ष एकटा ठरवतो. वर्गणी वाढवायची तर सभा बोलवावी लागते. मंडळाची घटनाच बदलायची तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं.

महापालिकेतही या तीन पायऱ्या आहेत. पहिली परिपत्रकाची: आयुक्त किंवा खातेप्रमुख आपल्या अधिकारात काढतात. अमुक हॉटेलांची तपासणी या आठवड्यात करा, हे परिपत्रकाने होतं. दुसरी ठरावाची: जिथे पैसा आणि पदं आली तिथे प्रस्ताव स्थायी समितीकडे, मग २२७ नगरसेवकांच्या सभागृहाकडे जातो. तिसरी कायद्याची, आणि ती मंत्रालयात व विधिमंडळात. मुंबईला लागू असलेला अग्निसुरक्षेचा मुख्य कायदा, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ चा आहे आणि त्याचे नियम २००९ चे. म्हणजे बंब महापालिकेचा, पण बंब कुठल्या नियमाने तुमच्या दारात येतो ते राज्याने लिहिलेलं.

या पायऱ्या एकमेकींत अडकल्या की काय होतं ते २०२१ च्या जूनमध्ये दिसलं. कायद्यात अग्निसेवा शुल्काची तरतूद होतीच. महापालिकेने ते २०१४ नंतरच्या इमारतींकडून मागच्या तारखेपासून वसूल करायचं ठरवलं. नगरसेवकांनी आरडाओरडा केला, मागची सात वर्षं तुम्ही झोपला होतात का असं विचारलं, आणि वसुलीला स्थगिती मिळाली. कायदा होता, आकारणी होती, खातं तयार होतं. मधली पायरी निसटली होती.

आता 'पुनर्रचना' या शब्दाकडे येऊ. सरकारी भाषेत तिचा कणा म्हणजे आकृतिबंध: कुठल्या खात्यात कुठली पदं, किती, आणि कोण कोणाच्या हाताखाली, याचा मंजूर तक्ता. तक्ता बदलला की खातं बदललं असं कागद म्हणतो. पुन्हा गणपती मंडळ घ्या. समजा त्यात चाळीस पोरं आहेत. गेल्या वर्षी चेंगराचेंगरी होता होता राहिली म्हणून यंदा 'सुरक्षा समिती' काढली आणि बारा जणांना नवे बिल्ले दिले. ते बारा आले कुठून? मंडप समितीतून. मग मंडपाचं काम अठ्ठावीस जणांवर. पोरं वाढली नाहीत, बिल्ले वाढले.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबांना आग लागून १४ माणसं गेली. त्यानंतर दलात अनुपालन कक्ष आले, म्हणजे हॉटेलं आणि इमारती नियम पाळतात की नाही एवढंच बघणारी माणसं. विझवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हे तत्त्व मला पटतं. दिवसभर हॉटेलवाल्यांशी वाद घालून रात्री वर्दीवर जाणाऱ्याकडून दोन्ही कामं धड होत नाहीत. पण अशा प्रत्येक कक्षाबद्दल पहिला प्रश्न मंडळाचाच विचारावा: माणसं नवीन भरली, की बिल्ले बदलले?

हा प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे सभागृह. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचं राज्य होतं. जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रस्ताव मांडणारे आणि आयुक्तच मंजूर करणारे. कामं झपाट्याने झाली असं म्हणणारे भेटतात. झाली असतीलही. बिल्ल्यांचा प्रश्न मात्र कोणी उभं राहून विचारू शकत नव्हतं.

३. जहाज बुडवा की नका बुडवू

कोणी ठरवायचं हेच ठरलेलं नसेल तर काय होतं, याचा सगळ्यात भयंकर धडा मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला घेतला. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या, शिवाय सोन्याच्या लगडी. युद्धाचे दिवस, वेगवेगळ्या बंदरांत मिळेल तो माल भरत जहाज आलेलं. स्फोटकांच्या जहाजावर लाल निशाण लावायची पद्धत, ते लावलेलं नव्हतं.

दुपारी धूर दिसला. बंब आले, पाणी सुरू झालं. आता तिथे कोण कोण होतं ते बघा. जहाज कप्तानाचं. गोदी पोर्ट ट्रस्टची. स्फोटकं लष्कराची. बंब महापालिकेचे. दारूगोळ्याचा अधिकारी म्हणाला, जहाज इथेच बुडवा. ओढून समुद्रात न्यावं असाही विचार पुढे आला. गोदीतलं पाणी बुडवायला पुरेल की नाही यावर खल झाला. दल आपलं काम जाणत होतं, ते पाणी मारत राहिलं. एकाचंही म्हणणं वेडगळ नव्हतं. फक्त बाकीच्या तिघांना गप्प करून 'हेच करायचं' असं म्हणण्याचा हक्क कोणाकडेच नव्हता.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, गोदीलगतची वस्ती पेटली. दलाचे ६६ जवान जागच्या जागी संपले. देशभर १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकांत 'घटनास्थळी एकच प्रमुख' या तत्त्वावर पानंच्या पानं असतात. लग्नघरात आचारी तीन असतील तरी मीठ घालणारा एक असावा लागतो, एवढंच ते तत्त्व. १९४४ च्या त्या दुपारी मीठ घालणारा ठरलेला नव्हता.

४. हनुमान गल्ली, ९ मे २०१५

ठाकूरद्वारहून काळबादेवी चालत पंधरा-वीस मिनिटं. जुन्या हनुमान गल्लीत गोकुळ निवास नावाची जुनी इमारत होती. शनिवारी संध्याकाळी तिला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढलं गेलं. दलाचे वरिष्ठ अधिकारी आग विझवण्याच्या कामात आत असताना इमारत कोसळली. अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई गेले. भाजलेले उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर पुढच्या काही दिवसांत रुग्णालयात मरण पावले. एका गल्लीतल्या एका वर्दीने दलाचा प्रमुख, उपप्रमुख आणि दोन अधिकारी नेले.

लंडनला हेच दीडशे वर्षांपूर्वी झालं होतं. १८६१ च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत तिथल्या दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंतीखाली सापडून मेला. तोवर लंडनचं दल विमा कंपन्या मिळून चालवत होत्या. त्या आगीची भरपाई देताना त्यांचे डोळे पांढरे झाले आणि त्यांनी सरकारला सांगितलं, हे आता तुम्हीच सांभाळा. १८६५ ला कायदा झाला आणि पुढच्या वर्षी दल सार्वजनिक झालं. एका आगीने अख्खं खातं एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं.

काळबादेवीनंतर इतकं मोठं काही बदललं नाही. बदललं ते लहान, आणि माझ्या मते जास्त उपयोगाचं. अरुंद गल्ल्यांत शिरणाऱ्या छोट्या गाड्या आणि छोटी अग्निशमन केंद्रं यांच्याकडे महापालिकेचं लक्ष वळलं. दलाकडे ९० मीटर उंच जाणारी शिडी आहे. टॉवरसाठी ती हवीच. पण आमच्या वाडीच्या तोंडाशी कमान आहे, कमानीखाली भाजीवाली बसते आणि तिच्या मागे सहा स्कूटर. ती शिडी फार तर जगन्नाथ शंकरशेट रस्त्यापर्यंत येईल. तोही रस्ता मेट्रोच्या पत्र्यांनी कित्येक वर्षं अडवलेला होता, म्हणजे दारांच्या यादीत आणखी एक दार. १०८ वाल्यांनीही हे ओळखलं होतं: २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दहा मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू झाल्या, त्या गल्लीबोळांसाठीच.

छोट्या गाडीचा तोटा एका साध्या हिशेबात कळतो. समजा मोठ्या बंबात ४,५०० लिटर पाणी आहे आणि एक हौज पाइप मिनिटाला ४५० लिटर ओततो. दहा मिनिटं पुरेल. दोन हौज लावले की पाच मिनिटं. छोट्या गाडीत पाणी याच्या कितीतरी पट कमी, म्हणजे आग लहान असतानाच ती पोचली तरच तिचा उपयोग. पुढचं पाणी टँकरने किंवा रस्त्यावरच्या हायड्रंटमधून यायचं, आणि हायड्रंटमध्ये दाब ठेवणं अग्निशमन दलाच्या हातात नसतं. ते जलअभियंता खात्याचं काम. म्हणून दलाची पुनर्रचना दलापुरती करून भागत नाही. हौजाचं दुसरं टोक दुसऱ्या खात्यात असतं.

५. जिना पडला तर

काकूंचा तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. गिरगावातल्या बहुतेक चाळी उपकरप्राप्त. म्हणजे १९६९ च्या आधीच्या इमारती, ज्यांचे रहिवासी दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरतात. दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, दुरुस्ती मंडळाची. मालक वेगळा, पागडीचा भाडेकरू वेगळा. बेकायदा बांधकाम पाडायचं महापालिकेने. पडल्यावर ढिगाऱ्यातून माणसं काढायची ती अग्निशमन दलाने.

१६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीत कोसळलेल्या भागाखाली दहाहून जास्त माणसं गेली. ढिगारा उपसणं चालू होतं तेव्हाच वाद सुरू झाला. म्हाडाचं म्हणणं होतं, पडलेला भाग आमच्या उपकरप्राप्त इमारतीचा नव्हेच, शेजारचं बेकायदा बांधकाम आहे. मग प्रश्न महापालिकेकडे टोलवला गेला. कागदावर दोन्ही बाजूंना आधार सापडतो, कारण एकाच भिंतीची अलीकडची आणि पलीकडची बाजू दोन कायद्यांत आहे.

माझं मत विचाराल तर मुंबईत पुनर्रचना खरी हवी ती इथे. कोसळण्याआधी त्या भिंतीवर एकाच अधिकाऱ्याची सही असली पाहिजे.

केंद्राने एक पाऊल टाकलं आहे. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा जिल्हा हा घटक धरतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रमुख करतो. मुंबईत जिल्हे दोन, शहर आणि उपनगर, महापालिका एकच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३ होता. म्हणजे एकाच महापालिकेचं अर्धं शहर बुडत होतं आणि गिरगावात लोक छत्री झटकून घरी येत होते. २०२५ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय केली. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. मीठ घालणारा कोण, याचं उत्तर कायद्यात आलं. म्हाडा, बेस्ट, मेट्रो आणि जलअभियंता त्याचं ऐकतात का, ते पुढच्या पावसाळ्यांत दिसेल.

६. जानेवारी आणि जुलै

राहिली एक सही. २००६ च्या कायद्याने ज्या इमारतींना अग्निसुरक्षा यंत्रणा बंधनकारक आहे तिथे ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा ताबेदारावर टाकली आहे, दलावर नाही. परवानाधारक संस्थेकडून तपासून 'बी' नमुन्यातलं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, दलाकडे द्यायचं असतं. चाळीच्या जागी टॉवर झाला असेल तर पंप, टाकी, प्रत्येक मजल्यावरचा हौज हे सगळं यात येतं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे शेवटच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. 'आहे, आहे, फायलीत आहे' असं उत्तर मिळालं तर फाइल बघायला मागा. तारीख वाचा. मग खाली जाऊन हौजाची पेटी उघडते का ते बघा.

आमच्या चाळीत पंपही नाही आणि पेटीही नाही. जिना आहे. मीटर जळाला त्या संध्याकाळी जिन्यातल्या वस्तू मोजल्या: दोन सायकली, एक फुटका पिंप आणि एक लोखंडी कपाट. सायकली दुसऱ्या दिवशी हलल्या. कपाट काकूंचं आहे. त्या म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू.